तुम्ही विचारलंत म्हणून: अशा संस्था टिकत का नाहीत?

कम्प्युटरच्या सामाजिक आणि नैतिक परिणामांवर काम करणाऱ्या एका व्यावसायिक संस्थेची मेंबरशिप मी बघते असं कुठेही सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग आता एआयमुळे रांगच लागली असेल ना तुमच्याकडे?" मी नाही म्हटलं की लगेच दुसरा, "अहो पण विषय एवढा गाजतोय, मग अशा संस्था टिकत का नाहीत?" दर वेळी उभ्याउभ्या काहीतरी अर्धवट सांगते, आज जरा बसून लिहिते.

विषय गाजला की लोक येतात हे खरंय. फॉर्म भरतात, पहिल्या वर्षाची फी देतात, आणि वर्षानं रिन्यूअलचा मेल गेला की सामसूम. कुणी रागावलेलं वगैरे नसतं, विचारलं तर "अय्यो, राहूनच गेलं" एवढंच. माझ्या एक्सेल शीटमध्ये मेल बाउन्स झालेल्यांचा एक वेगळा रकानाच आहे, त्यातल्या बऱ्याच जणांनी ऑफिसच्या आयडीवरून नाव नोंदवलेलं असतं, नोकरी बदलली की आयडी बंद आणि त्याच्याबरोबर आम्हीही बंद. आता फॉर्मवर पर्सनल मेलच मागतो.

पण हे झालं किरकोळ. खरं कारण समजून घ्यायचं तर अमेरिकेतल्या सीपीएसआरकडे बघा, कम्प्युटर प्रोफेशनल्स फॉर सोशल रिस्पॉन्सिबिलिटी. १९८१ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या संशोधन केंद्रातल्या मंडळींच्या आपापसातल्या चर्चेतून सुरुवात, १९८३ मध्ये रीतसर संस्था, आणि त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी शत्रूची क्षेपणास्त्रं वरच्या वर अडवण्याची ती 'स्टार वॉर्स' योजना जाहीर केली. हे लोक म्हणाले, सॉफ्टवेअर आम्ही लिहितो, आम्हाला माहितीये, एवढा अवाढव्य प्रोग्राम खऱ्या युद्धाशिवाय पूर्ण टेस्टच करता येणार नाही आणि युद्धात तो पहिल्याच वेळी बिनचूक चालायला हवा, यावर कोण भरवसा ठेवणार? सॉफ्टवेअरचे नावाजलेले तज्ज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९८५ मध्ये त्या योजनेच्या सल्लागार समितीचा राजीनामा दिला तो याच मुद्द्यावर, आणि पुढे १९८७ मध्ये सीपीएसआरचा पहिला नॉर्बर्ट वीनर पुरस्कार त्यांनाच मिळाला. म्हणजे बघा, साध्या प्रोग्रामरकडे रोजच्या कामातली अशी जाणकारी होती जी कुठल्याच पुढाऱ्याकडे नव्हती.

मग शीतयुद्ध संपलं आणि विषय बदलले, प्रायव्हसी आली, क्लिपर चिप आली. फोनवरचं संभाषण एन्क्रिप्ट करणारी चिप, पण तिची किल्ली सरकारकडे! त्याविरुद्धची सह्यांची मोहीमही यांनीच चालवली. त्यांचं वॉशिंग्टन ऑफिस या कामात इतकं तरबेज झालं की १९९४ मध्ये त्यातून प्रायव्हसीवर काम करणारी एपिक ही स्वतंत्र संस्था निघाली. वापरणाऱ्यांना बरोबर घेऊन सिस्टीम कशी बनवायची यावरची परिषद यांनी १९९० मध्ये सुरू केली, तीही पुढे स्वतःच्या पायावर चालत राहिली. पोरं कर्तीसवरती होऊन वेगळी राहायला गेली, मागे मोठं घर आणि त्याचा मेंटेनन्स. २०१३ मध्ये सीपीएसआर बंद झाली. मी याला अपयश म्हणत नाही, पण मेंबरशिप बघणारी म्हणून मला एकच दिसतं, की जाणकारीची कामं एकेक करून बाहेर गेल्यावर साध्या मेंबरला करायला उरलं काय? फी भरायची आणि पत्रकं वाचायची.

"मोठ्या संस्थेत सामील व्हा की" असंही सुचवतात. एसीएम ही कम्प्युटरवाल्यांची आणि आयईईई ही इंजिनिअरांची मोठी संघटना, त्यांच्यातले याच विषयाचे गट, सिगकॅस आणि एसएसआयटी, तसे टिकलेत, हिशेब, ऑडिट, जर्नलची छपाई ही कटकट मोठं घराणं बघतं. फक्त मोठं घराणं हलतं हळू. सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट रेल्वेत ऑटोमॅटिक कंट्रोलबद्दल शंका काढणाऱ्या तीन इंजिनिअरना १९७२ च्या मार्चमध्ये काढून टाकलं, ऑक्टोबरमध्ये एक गाडी स्टेशनवर न थांबता रुळाच्या टोकावरून पुढे गेली, आणि आयईईईनं त्या इंजिनिअरांनी बार्टवर केलेल्या खटल्यात कोर्टाला निवेदन दिलं ते १९७५ मध्ये. अर्थात लिहिलं हेही कमी नाही, आमच्यासारख्यांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं असतं पण कोर्टात ते कुणी वाचलं असतं का देव जाणे. आणि छोट्या स्वतंत्र संस्था टिकतच नाहीत असंही नाही हं, जर्मनीतली फिफ ही याच विषयावरची कम्प्युटरवाल्यांची संस्था १९८४ पासून चालू आहे, त्रैमासिक आणि वार्षिक परिषद, दोन्ही नेमानं. त्रैमासिक म्हटलं की कुणीतरी लेख मागवायला लागतो, कुणी तपासायला, कुणी चित्रं शोधायला, म्हणजे वर्षभर माणसं कामात.

माझं मत याच्यावरच बनलंय, मेंबरला त्याच्या जाणकारीचं काम मिळालं की तो टिकतो. आमच्याकडे एकदा सरकारी मसुद्यावर हरकती पाठवायच्या होत्या, त्यात युजरनं मागणी केली की ठरावीक मुदतीत डेटा पुसायचा असं कलम होतं. सगळे तत्त्वावर तावातावानं बोलत होते. एका नव्या मेंबरचं रोजचं कामच बॅकअपचं, तो म्हणाला चालू डेटाबेसमधून पुसाल हो, पण जुन्या बॅकअपमध्ये तो राहणारच, आणि उद्या रिस्टोअर केलं की पुसलेला माणूस परत हजर! मसुद्यात बॅकअपचा उल्लेखच नव्हता. त्यावर त्यानं दीड पानाची हरकत लिहिली, आमच्या अख्ख्या निवेदनातला तोच भाग वाचण्यासारखा होता. त्याला रिन्यूअलची आठवण करावी लागत नाही.

फी कमी करून बघा असं बरेच जण सांगतात, विद्यार्थ्यांसाठी करावीच, बाकीच्यांना पैशाची अडचण नसतेच मुळात. तर तुम्हाला यायचं असेल तर जरूर या, फक्त फॉर्मवर 'रोजचं काम नेमकं काय करता' असा रकाना आहे तिथे नुसतं 'आयटी' लिहू नका, तसं लिहिलंत तर मी फोन करून विचारणार आहे.