सरावाच्या दिवशी वारा कुठून आहे?

माझी बहुतेक नोकरी अणुऊर्जा क्षेत्रातल्या हेल्थ फिजिक्समध्ये, म्हणजे माणसांना किरणोत्सारापासून जपण्याच्या कामात गेली, त्यामुळे आणीबाणीच्या सरावाची आखणी वरचेवर माझ्या वाट्याला यायची. निवृत्त झाले तरी हा विषय डोक्यातून जात नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या आसपास राहणाऱ्यांनी तो समजून घ्यावा असं मनापासून वाटतं, म्हणून लिहिते आहे.

आधी नियमांबद्दल थोडं. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या चौकटीत केंद्राच्या आतला सराव दर तिमाहीला होतो, अख्ख्या साइटचा वर्षातून एकदा आणि कुंपणाबाहेरचा, म्हणजे ऑफसाइट, दोन वर्षांतून एकदा. ऑफसाइटमध्ये सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात आणि 16 किलोमीटरच्या त्रिज्येतल्या माणसांचा विचार करावा लागतो. नकाशावर हे वर्तुळ काढलं की ते 16 भागांत कापतात. वारा ज्या भागाकडे वाहतोय तो भाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारी, आधी त्यांच्याकडे बघायचं.

म्हणून सरावाची पटकथा, म्हणजे कोणता काल्पनिक अपघात कधी आणि कसा घडला असं धरायचं ते, लिहायला बसल्यावर माझा पहिला प्रश्न अणुभट्टीत काय बिघडलं हा नसायचा. वारा कुठून आहे, हा असायचा. आपल्या किनाऱ्यावर दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, तो बोईसरकडे, एमआयडीसीकडे जातो. उत्तररात्री उलट, जमिनीवरून समुद्राकडे. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा जोर. सराव कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवणं सगळ्यांना सोयीचं असतं: अधिकारी जागेवर, शाळा भरलेल्या, बसचे ड्रायव्हर हजर. मला ही वेळ कधीच पटली नाही. पहाटे चारची पटकथा लिहून बघा, कागदावरची निम्मी नावं झोपलेली सापडतील. आणि त्या वेळी वारा जिकडे जातोय तिकडे होड्या आहेत.

होड्यांचं खरंच अवघड आहे. त्या वर्तुळाचा जवळजवळ अर्धा भाग पाण्यावर आहे. तिथे सायरन पोचत नाही, लाउडस्पीकरची जीप तर नाहीच. जून-जुलैत मासेमारी बंद असते, सगळी माणसं घरी असतात. एरवी घरात बायका, म्हातारी माणसं आणि मुलं असतात आणि कर्ता माणूस समुद्रात. त्याला 'बंदराकडे येऊ नकोस, दुसरीकडे लाव' हे कोण सांगणार? तटरक्षक दल, सागरी पोलीस, मत्स्यव्यवसाय विभाग, मच्छीमार सहकारी संस्था, यांतला पहिला फोन कोणाचा आणि कोणाला, हे पटकथेत नावानिशी नाही, तर हुद्द्यानिशी लिहिलेलं हवं, कारण माणसं बदलतात. शिवाय बायका किनाऱ्यावर वाट बघत थांबणार हे गृहीत धरायचं. घरधनी समुद्रात असताना कुणी बसमध्ये चढून निघून जाणार नाही.

दुसरा अवघड भाग म्हणजे 'घरात थांबा'. किरणोत्सारी ढग वरून जात असेल तर पक्क्या भिंतींचं घर, बंद दारंखिडक्या, बंद पंखे यांनी बरंच संरक्षण मिळतं आणि भर रस्त्यात अडकण्यापेक्षा ते पुष्कळदा चांगलं. पण इथल्या माणसांनी एमआयडीसीतले भडके पाहिलेत. आवाज झाला की धावत सुटायचं, हे अंगात भिनलंय. एका गावबैठकीत एक आजी मला म्हणाल्या, "मॅडम, पळू नका म्हणता, मग बसून करायचं काय?" प्रश्न रास्त होता. त्यांचं घर कुडाचं होतं. कुडाच्या भिंतीतून वारा आरपार जातो, तिथे 'दार लावून घ्या' या सूचनेला काही अर्थच नाही. अशा पाड्यांसाठी जिल्हा परिषदेची पक्की शाळा हाच निवारा धरावा लागतो. मग शाळेची किल्ली रात्री कोणाकडे असते, इथवर जावं लागतं.

आयोडीनच्या गोळीबद्दलही गैरसमज फार. ती किरणोत्सारापासून वाचवणारी सर्वगुणी गोळी नाही. ती फक्त थायरॉइडला किरणोत्सारी आयोडीन शोषू देत नाही, तेही वेळेवर घेतली तर: शक्यतो संपर्काच्या आधी, फार तर नंतरच्या काही तासांत. एक दिवस उलटल्यावर घेऊन फायदा नाही, झाला तर अपायच. मोठ्या माणसाला 130 मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, तीन ते बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या निम्मं, त्याहून लहान मुलाला चतुर्थांश, महिन्याच्या आतल्या बाळाला अष्टमांश. रात्रीच्या अंधारात गोळीचे तुकडे करून, कुस्करून दुधातून देणार कोण? आशाताई. कुठल्या घरात तान्हं आहे, कोण गरोदर आहे, कोण अंथरुणाला खिळलंय, हे सगळं त्यांच्या वहीत असतं. सरावाच्या पहिल्याच बैठकीला त्यांना बोलवा, असं मी दर वेळी सांगत आले. टेबलाभोवती बसलेल्या कोणाहीपेक्षा त्यांची माहिती ताजी असते.

अंथरुणाला खिळलेल्यांचा मुद्दा माझ्या मनात जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या अपघातापासून रुतून बसलाय. 12 मार्च 2011 ला तिथे 20 किलोमीटरपर्यंतचा परिसर रिकामा करायला सांगितलं. पुढच्या काही दिवसांत इस्पितळांतले वृद्ध रुग्ण बसमधून तासन् तास हलवले गेले. सोबत पुरेसे डॉक्टर-परिचारिका नव्हते, पुढे कुठे न्यायचं ते पक्कं नव्हतं. त्यात कित्येक जण दगावले. किरणांनी नाही, स्थलांतराने. सरावात धडधाकट स्वयंसेवक बसमध्ये चढतात आणि गाडी वेळेत सुटते. माझा आग्रह असायचा की निदान एक माणूस स्ट्रेचरवरून, सलाइनसकट, खरोखर चढवून बघा. बसचं दार किती अरुंद असतं ते तेव्हाच कळतं.

कुंपणाच्या आतला सराव त्या मानाने शिस्तीत होतो, पण तिथलीही एक गोष्ट मला फार आवडते. जखमी कामगाराच्या भूमिकेतल्या माणसाच्या अंगावर खरा किरणोत्सार अर्थातच नसतो. शेजारी उभ्या कंट्रोलरच्या, म्हणजे सराव पटकथेप्रमाणे चालवणाऱ्याच्या, हातात आकडे लिहिलेलं कार्ड असतं. तपासणारा किरणोत्सार मोजणाऱ्या मॉनिटरचा प्रोब त्वचेपासून सेंटीमीटरभर अंतर ठेवून, सेकंदाला जेमतेम दोन-तीन बोटं सरकेल इतक्या संथपणे फिरवत पटकथेतल्या जागी, समजा डाव्या मनगटाशी, आला, की मगच कंट्रोलरने कार्डावरचा आकडा दाखवायचा. घाईने प्रोब फिरवला तर आकडा मिळत नाही. कंट्रोलरने गप्प राहायचं, डोळ्यांनीसुद्धा सुचवायचं नाही. नव्या मुलांना सुरुवातीला हा छळ वाटतो. तिसऱ्या-चौथ्या सरावात त्यांचा हात आपोआप संथ होतो.

तुमचं गाव त्या 16 किलोमीटरच्या आत असेल, तर पुढच्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. आपल्या पाड्याचा निवारा कोणता आणि त्याची किल्ली कोणाकडे? गोळ्या कुठे ठेवल्यात, त्यांची मुदत कधी संपते? आणि पुढचा सराव पहाटे घेता येईल का? उत्तरं ठरावात लिहून घ्या, तारखेसह.