तुम्ही विचारलंत म्हणून: वकिलांचा बार

‘बाररूममध्ये आहे, नंतर फोन करतो,’ असं मी एकदा व्याह्यांना सांगितलं, तर पलीकडून आवाजच येईना. दुपारचे बारा वाजले होते. तेव्हापासून लग्नात, मुंजीत, भेटेल तो पाहुणा विचारतो: वकिलांच्या संघटनेला बार का म्हणतात हो? तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

बार म्हणजे मुळात आडवा दांडा, दाराला आतून लावायचा अडसर. इंग्लंडच्या न्यायालयात न्यायाधीशांच्या बाजूला इतरांनी येऊ नये म्हणून कठडा असे, तोही बार. त्या कठड्यापाशी उभं राहून बोलायचा अधिकार ज्याला मिळाला तो बॅरिस्टर. गुत्त्यातला बारही कठडाच. बाटल्या पलीकडे, गिऱ्हाईक अलीकडे. म्हणजे व्याह्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता, भाऊबंदकी आहे.

अडवणं, मज्जाव करणं हा अर्थही त्याच दांड्यातून आला. त्यामुळे बारमध्ये घेणं आणि बार करणं, दोन्हीला शब्द एकच. सावरकर परीक्षा उत्तीर्ण झाले, पण १९०९ मध्ये लंडनच्या ग्रेज इनने, म्हणजे बॅरिस्टर घडवणाऱ्या तिथल्या एका संस्थेने, त्यांना बॅरिस्टर करून घ्यायचं नाकारलं. गांधीजी १८९१ मध्ये बॅरिस्टर झाले. १९२२ मध्ये राजद्रोहाच्या शिक्षेनंतर इनर टेंपल या तशाच दुसऱ्या संस्थेने त्यांचं नाव पटावरून काढलं आणि परत घातलं ते १९८८ मध्ये, ते जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर! नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची गोष्ट मला जास्त लागते. १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या, पदवी मिळाली १९२२ मध्ये. बाई आहे, एवढाच अडसर.

आपल्याकडे २००५ मध्ये सरकारने डान्स बारवर बंदी आणली, म्हणजे बारलाच बार. पुढे उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय. त्यात बरीच वर्षं बारमधल्यांचीच चलती झाली.

पण माझ्या टेबलावर रोज येतो तो ‘टाइम-बार’, म्हणजे मुदत गेल्यामुळे दाव्याला लागलेला अडसर. परवा एक शेतकरी चिठ्ठी घेऊन आले. मेव्हण्याला हातउसने दोन लाख दिलेले, पाच वर्षं झाली. नात्यात तगादा कसा लावायचा, म्हणून थांबले. अशा पैशासाठी दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो.

‘म्हणजे पैसे बुडाले?’

‘बुडाले नाहीत काका, कोर्टाचं दार बंद झालं.’

हा फरक समजावताना माझीच दमछाक होते. देणं संपत नाही. मेव्हण्याने उद्या आपण होऊन पैसे दिले, तर मुदत गेली होती म्हणून त्याला ते परत मागता येत नाहीत. आणि ‘जुनं देणं फेडीन’ असं त्याने सही करून लिहून दिलं, तर तो नवा करार धरतात.

‘तो लिहून देतोय व्हय!’ म्हणत काका उठले. व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्यांनी चंची सोडली, तंबाखू मळली आणि बार भरला. हा बार मात्र इंग्रजांकडून आलेला नाही.