आमची वाटचाल : ओझ्याच्या पाट्यांपासून पहिल्या ६० फुटांपर्यंत

आमचं मूळ काम पाट्यांचं, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं. मालवाहू गाड्यांचे बसलेले, तुटलेले पाटे उतरवायचे, तापवून ठोकून पुन्हा कमान द्यायची, नवा सेंटर बोल्ट टाकायचा, यू-बोल्ट आवळायचे. वडिलांनी हे काम सुरू केलं तेव्हा गिऱ्हाइकाची मागणी एकच असायची : "गाडी बसते, एक पाटा वाढवा." आम्ही वाढवायचो. कडक म्हणजे चांगलं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. ते अंगातून काढायला मला आणि धाकट्या भावाला जवळपास दहा वर्षं लागली.

ड्रॅग रेसची, म्हणजे थांबलेल्या जागेवरून सुटून सरळ पाव मैल पळण्याच्या शर्यतीची, पहिली गाडी आमच्याकडे आली ती चुकूनच. एका पिकअपवाल्याने इंजिनवर भरपूर काम करून घेतलं होतं, पण सुटताना मागची चाकं जागच्या जागी फिरायची आणि मागचं सगळं अंग थडथड उडायचं. कुणीतरी त्याला म्हणालं, पाटे कमजोर आहेत, पाटेवाल्याकडे जा. आम्ही गाडी बघितली, माना डोलावल्या आणि दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला. त्याने मागची बाजू उचलली गेली, म्हणजे पिनियनचा (मागच्या आसात शाफ्ट जिथे जोडला जातो त्या गिअरच्या दांड्याचा) कोन बदलला. तो मोजायचं आमच्या डोक्यातही आलं नाही. तिसऱ्याच लाँचला, म्हणजे जोरात सुटताना, जॉइंटचा क्रॉस तुटला आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट फरफटत गेला. नशीब की मागचा जॉइंट तुटला. पुढचा तुटून शाफ्टचं टोक रस्त्यात रुतलं असतं तर गाडीने बांबूउडीच मारली असती. दुरुस्ती अर्थात आमच्या खिशातून झाली. तेव्हापासून शाफ्टखाली लूप (तुटलेला शाफ्ट रस्त्यावर पडू न देणारं कडं) बसवल्याशिवाय एकही गाडी आमच्या दारातून बाहेर पडत नाही. मालक नको म्हणाला तरी.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पिकअपचं दुखणं तिच्या हौद्यात आहे. इंजिन, गिअरबॉक्स, केबिन सगळं पुढे आणि मागे नुसता मोकळा पत्रा. २,००० किलोची गाडी धरा, ५८ टक्के वजन पुढे धरा. मागच्या चाकांवर उरले ८४० किलो. आता ती ०.८ जी (गुरुत्वाच्या ०.८ पट) वेगवाढीने सुटली, गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.६५ मीटरवर आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३.२ मीटर आहे. २,००० गुणिले ०.८ गुणिले ०.६५, भागिले ३.२. उत्तर ३२५ किलो. म्हणजे सुटताना मागे १,१६५ आणि पुढे ८३५. तराजूच उलटा झाला.

या हिशेबात स्प्रिंग कुठेच नाही, हे लक्षात यायला आम्हाला बराच वेळ लागला. "मऊ स्प्रिंग टाकली की वजन जास्त मागे येतं" असं आजही रोज कुणीतरी सांगून जातं. वजन किती येणार हे उंची, लांबी आणि वेगवाढ ठरवते. नाक वर उचललं की गुरुत्वमध्य जरासा चढतो, तेवढा फायदा खरा, पण तो किरकोळ. स्प्रिंग आणि शॉक (शॉक अॅब्झॉर्बर) ठरवतात ते एवढंच, की हे वजन टायरवर किती लवकर येणार आणि आल्यावर टिकणार की उसळून जाणार. आमचा सगळा धंदा या "एवढंच"वर उभा आहे.

थडथडीचं कारण मात्र आमच्याच घरातलं निघालं. चाक पुढे फिरतं तेव्हा हाउसिंग (मागच्या आसाचं कवच) उलटं फिरू बघतं, पिनियनचं नाक वर उठतं. पाट्याचा पुढचा अर्धा भाग वर रेटला जातो, मागचा खाली, आणि पाटा नागमोडी होतो. ताण सहन होईनासा झाला की टायर सुटतो, पाटा सरळ होतो, टायर पुन्हा पकडतो, पाटा पुन्हा नागमोडी. हे सेकंदात कितीतरी वेळा. एक पाटा वाढवल्याने हे पिळणं थोडं कमी होतं, नाही असं नाही. पण रिकाम्या गाडीचं मागचं अंग मग इतकं ताठ होतं की रस्त्यावरच्या बारीकशा उंचवट्यालाही टायर उसळतो. आणि उंची वाढवायला हाउसिंग आणि पाट्याच्या मध्ये ठोकळे घातलेले असतील तर पिळणं आणखी वाढतं. ठोकळे दिसले की आम्ही आधी ते काढतो, बाकीचं नंतर बोलतो.

उपाय असा की एकाच पाट्याला दोन अर्धे समजायचं. पुढच्या अर्ध्याच्या, पट्ट्या एकत्र धरणाऱ्या क्लिपा घट्ट, मागच्याच्या सैल. पुढचा भाग दांड्यासारखा गाडीला ढकलतो, मागचा स्प्रिंगचं काम करतो. ही युक्ती आमची नाही. क्रायस्लरने १९६०च्या दशकात काढलेल्या 'सुपर स्टॉक' पाट्यांत पुढचा भाग आखूड आणि कडक होता, आणि डावा-उजवा पाटा चक्क वेगळा. वडिलांच्या काळात मी मालवाहू गाडीला डावा-उजवा वेगळा पाटा लावला असता तर त्यांनी हाकलूनच दिलं असतं. पण इथे त्याला कारण आहे. नेहमीच्या दिशेने फिरणाऱ्या इंजिनाचा शाफ्ट हाउसिंगलाच पिळतो : डावं चाक दाबलं जातं, उजवं उचललं जातं. म्हणून उजव्या बाजूला आधीच थोडा दाब देऊन ठेवावा लागतो, पाट्याच्या कमानीने किंवा हवेच्या पिशवीने.

पाट्याचं पिळणं रोखायला पाट्याखाली लागणारे दांडे, म्हणजे स्लॅपर बार, हा आम्ही स्वतः बनवलेला पहिला माल. पहिली जोडी आखूड झाली. बारच्या टोकाचा रबरी ठोकळा पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली टेकायला हवा, आमचा टेकला मधेच, आणि मेन पाटा वाकला. ती जोडी अजून टांगून ठेवली आहे. नवीन मुलगा कामाला लागला की आधी तिच्यात काय चुकलं ते त्याने सांगायचं, मग पाना हातात. पिनियनचा कोनही तेव्हापासून प्रत्येक गाडीचा लिहून ठेवतो. नुसत्या पाट्यांवर असेल तर शाफ्टच्या रेषेपेक्षा ५ ते ७ अंश खाली, म्हणजे जोर आल्यावर नाक उठून सरळ रेषेत येतं. लॅडर बार किंवा फोर-लिंक (हाउसिंगला गाडीच्या सांगाड्याशी जोडून धरणारे दांडे) असेल तर हाउसिंग फारसं फिरतच नाही, तिथे १ ते ३ अंश पुरतात.

मागचं बऱ्यापैकी जमलं, पण पुढचं अंग हलवायला आमचा हात धजत नव्हता. पिकअपचं पुढचं सस्पेन्शन ओझ्यासाठी आखडलेलं असतं, त्यात आम्ही पाटेवाले. शेवटी भावाने एका गाडीचा पुढचा स्टॅबिलायझर बार सोडला आणि शॉक बदलले. नवे शॉक उघडताना मोकळे आणि दबताना घट्ट होते, ज्यांना ९०/१० म्हणतात ते. गाडीने नाक शांतपणे उचललं आणि तशीच गेली. सुटल्यावर पहिले ६० फूट पार करायची वेळ २.३ सेकंदांवरून २.० वर आली, इंजिनला हातही न लावता. पहिल्या ६० फुटांत वाचलेला दशांश सेकंद पाव मैलाच्या शेवटी दीडपट-दुपटीने परत मिळतो, तेव्हा मालक किती खूश झाला असेल ते बघा. तो बार सुटा होता म्हणून मी मात्र आठवडाभर नीट झोपलो नाही. (हा बार रस्त्यावर चालवायच्या गाडीचा काढू नका. वळणावर तिला तोच सावरतो.)

पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) असलेल्या गाड्यांत आणखी एक घोळ असतो. त्या बारचा बोल्ट सैल केला की स्प्रिंग मऊ झाली, असं लोकांना वाटतं. बोल्टने फक्त उंची बदलते, बारचा कडकपणा तोच राहतो. पण पुढची उंची उतरली की चाकाला खाली सुटायला जागा जास्त मिळते, आणि आपल्याला हवी असते ती हीच जागा. नाक उचललेल्या अवस्थेत टो-इन (पुढची चाकं आत किती वळली आहेत ते) मोजायला मात्र विसरू नये. जमिनीवर सरळ असलेली चाकं हवेत भलतीकडेच बघत असतात.

आमचं मापनाचं सामान पाहून लोक हसतात. शॉकच्या दांड्याला एक झिप टाय बांधलेला असतो, तो सरकून किती हालचाल झाली ते दाखवतो. टायर आणि रिमवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ असते. धाव संपल्यावर रेघ तुटलेली दिसली तर टायर रिमवरच सरकला. आणि मोबाइलवर बाजूने काढलेलं स्लो मोशन. जागच्या जागी सुटणारा टायर आणि एक गाडीभर अंतर धरून मग सुटणारा टायर, ही दोन वेगळी दुखणी आहेत. दुसऱ्यात बहुतेक वेळा पुढचं सस्पेन्शन वर जाऊन आपटलेलं असतं, किंवा मागचे शॉक फार लवकर उघडलेले असतात. हवेचा दाब तर वहीत पहिल्या रकान्यात. ड्रॅग रेडियल टायरला १६ ते २० पीएसआयपासून सुरू करतो आणि अर्ध्या-अर्ध्या पीएसआयने सरकतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर ते पान फुकट.

हा नियम पाळायला लागल्यापासून गिऱ्हाइकं तुटलीही. कुणाला सगळं एका दिवसात हवं असतं, कुणाला हौद्यात वाळूची पोती टाकून काम भागवायचं असतं. एनएचआरए या अमेरिकन ड्रॅग रेसिंग संस्थेच्या नियमांत सुटं वजन बाद आहे, वाळू नाही, पाणी नाही, जे असेल ते बोल्टने आवळलेलं हवं. नियम नसता तरी आम्ही ते केलं नसतं. ब्रेक मारल्यावर ती पोती कुठे येतील? मागच्या काचेतून केबिनमध्ये. अशांना आम्ही परत पाठवतो. ओझ्याच्या पाट्यांचं काम अजून चालू आहे, म्हणून हा तोरा परवडतो, हेही खरं.

सध्या रॅम्पवर एक लांबलचक डबल केबिनची पिकअप आहे. चाकांमधलं अंतर जास्त, म्हणजे भाजक मोठा आणि मागे येणारं वजन कमी. मालक येताना स्वतःच दोन जास्तीचे पाटे घेऊन आला होता. ते आम्ही भिंतीला टेकवून ठेवले आहेत. भाऊ पुढचे शॉक सोडतोय.