त्याच्या घरी अजून का सांगितले नाही?

पुण्याला गेलो की मित्रांपैकी कोणीतरी विचारतेच: इतकी वर्षे शांघायमध्ये एकत्र राहता, मग तुझ्या जोडीदाराच्या आईवडिलांना अजून का सांगत नाही? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा कायद्याची भीती असते. चीनमध्ये समलिंगी विवाहाला मान्यता नाही हे खरे, पण असे संबंध १९९७ पासून गुन्हाही नाहीत.

अडचण घरातली आहे. तो १९८८ चा, आन्ह्वेइ प्रांतातल्या एका लहान शहरातला. आईवडील दोघे सरकारी कारखान्यात, त्यामुळे 'एकच मूल' धोरणातून सुटका नव्हती. मातापित्यांचे पांग न फेडण्याचे तीन प्रकार आणि त्यांत वंश खुंटू देणे सर्वांत वाईट, हे प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्सियसचे वचन तिथे लहानथोरांना ठाऊक असते, आणि वंश चालवायला सरकारने त्यांच्या पदरी एकच मूल ठेवू दिले. त्याला एखादा भाऊ असता तर आमचे बरेच सोपे झाले असते.

शिवाय त्याने सांगितले म्हणून लपवणे संपत नाही. ते काम आईवडिलांच्या गळ्यात पडते. सांगून तो अडीच कोटींच्या शांघायमध्ये परत येईल, ते मात्र कारखान्याच्या त्याच वसाहतीत, त्याच शेजाऱ्यांत राहतील. नववर्षाला "सून कधी आणणार?" असे कोणी विचारले की आज त्या माउली "शांघायच्या मुलींच्या अपेक्षाच फार" असे मनापासून सांगतात. उद्या त्यांना तेच वाक्य खोटे बोलावे लागेल.

त्यांच्या लेखी मी भाडेकरू आहे. त्या आल्या की दुसऱ्या खोलीत माझे अंथरूण पडते. एकदा मला घेऊन त्या पीपल्स पार्कमध्ये गेल्या. तिथे शनिवार-रविवारी आईवडील उघड्या छत्र्यांवर मुलामुलींची माहिती लावून स्थळे शोधतात. जन्मवर्ष, उंची, पगार आणि 'स्वतःचे घर' असा त्याचा कागद वाऱ्याने उडू नये म्हणून चिमटे मीच लावले. त्या घराचा निम्मा हप्ता मी भरतो, हे अर्थातच त्यावर नव्हते.

समलिंगी स्त्रीशी नावापुरते लग्न करणारेही चीनमध्ये पुष्कळ आहेत. तो मार्ग आम्हाला मान्य नाही, कारण लग्नानंतर लगेच नातवाचा विषय निघतो आणि एका खोट्यात आणखी एक कुटुंब ओढले जाते.

मला खरी धास्ती दवाखान्याची वाटते. तो बेशुद्ध असला तर सही वडिलांची लागेल आणि मी भाडेकरू म्हणून बाहेर उभा असेन. २०२१ पासून लागू असलेल्या दिवाणी संहितेनुसार, पुढेमागे आपली निर्णयक्षमता गेली तर आपला पालक, म्हणजे आपल्या वतीने निर्णय घेणारा, कोण असावा, हे सज्ञान व्यक्तीला लेखी ठरवून ठेवता येते, आणि तो नातेवाईकच असावा अशी अट नाही. शांघायमधल्या काही समलिंगी जोडप्यांनी नोटरीकडे असे करार केलेही आहेत. आमची कागदपत्रे जुळवणे सुरू आहे, आणि त्याने घरी सांगण्यापेक्षा सध्या मला त्या कराराची घाई अधिक आहे.