अळणी कढणाने तारलं: आमची वाटचाल

आमचं काम तीनच पदार्थांचं. मुगाचं कढण, कुळथाचं कढण आणि तांदळाची पेज, सगळं कोरड्या पिठाच्या पाकिटातून. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका खोलीत सुरुवात केली.

मूग पहिल्यापासून लोखंडी कढईतच भाजतो. आच मंद, उलथनं सतत फिरतं. हिरवा रंग जरा मावळून खमंग वास सुटला की लगेच परातीत पसरायचे. कढईत राहिले तर तिच्याच तापाने करपतात आणि कढण कडवट होतं. कुळथाला मेहनत जास्त. भाजा, भरडा, पाखडून सालं काढा, मग दळा. दळायला पल्व्हरायझर घेतला, पण भरडायला सासूबाईंचं जातंच. यंत्रात साल डाळीबरोबर चुरते, मग पाखडणार काय?

आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक पंचकर्म करणारे वैद्य. वमन-विरेचनानंतर, म्हणजे ओकारी-जुलाबाने शरीर शुद्ध केल्यावर, आहार पायरीपायरीने वाढवायचा, त्याला संसर्जन क्रम म्हणतात. त्यात आधी पेया (पातळ पेज), मग विलेपी (दाट पेज), मग यूष, म्हणजेच कढण. त्यातही आधी अकृत यूष, म्हणजे तूप-मीठ-मसाल्याशिवायचं. बाजारात अळणी कढण कोण घेणार? ते घेत. पहिल्याच दिवशी त्यांनी पाकीट फोडलं, पीठ चिमटीत चोळून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, कुणी कितीही सांगितलं तरी यात मीठ घालू नका." आम्ही तो शब्द पाळला.

मग आमच्याच वितरकाने घात केला. आमचा माल शहरभर पोचवता पोचवता त्याने दुकानं, मोसम, मार्जिन सगळं जाणून घेतलं आणि ऐन पावसाळ्याच्या तोंडावर स्वतःचं 'आयुर्वेदिक सूप' काढलं. पाकिटाचा हिरवा रंगसुद्धा आमचाच. आत मक्याचा स्टार्च, साखर आणि नावाला मूग. किंमत निम्मी. स्टार्चमुळे त्याचं सूप गार झालं तरी दाट राही. आमच्या कढणाचा साका तळाशी बसतो, आणि तो बसायलाच हवा. यूषाला पाणीच १४ ते १८ पट सांगितलंय. पण दुकानदार पेला पुढे करून म्हणत, "मॅडम, तुमचं फुटतं." फुटत नाही हो, निवळतं! ऐकतो कोण?

आमची जुनी बिलं त्याने दिलीच नाहीत. मागायला गेलं की "माल परत आलाय" हे उत्तर. तो परत आलेला माल आजतागायत माझ्या नजरेस पडलेला नाही. कामावरच्या बायकांचे पगार भागवायला मी पाटल्या मोडल्या. खोलीचं भाडं थकलं. पल्व्हरायझर विकायला काढला, एक जण येऊन बघूनही गेला. तेव्हा वैद्यांनी अळणी कढणाची मागणी वाढवली, पैसे आगाऊ दिले आणि ओळखीच्या वैद्यांकडे आमची पाकिटं स्वतः नेऊन दिली. त्यावर आम्ही तगलो. पुढची वर्षं बरी गेली.

२०२२ मध्ये एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, 'आयुर्वेद आहार' नियम आले, तेव्हा वाटलं, आता असल्या मालाला चाप बसेल. त्या वितरकाने पाकिटावरचं नाव बदललं. स्टार्च तोच.

म्हणून सांगते, पाकीट उलटं करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. मुगाच्या कढणावर पहिलं नाव मुगाचं नसेल तर ते खाली ठेवा. पीठ आधी गार पाण्यात कालवा, उकळत्यात टाकाल तर गुठळ्या होतील. पहिली उकळी येईपर्यंत डाव थांबवू नका, कुळीथ डोळा लवायच्या आत उतू जातो. पावसाळ्यात अग्नी मंद असतो, तेव्हा सुंठ, हिंग, सैंधव आणि वरून लोणकढं तूप घ्या. ऑक्टोबरच्या उन्हात पित्ताच्या माणसाने कुळथाच्या वाटेला जाऊ नये, तो उष्ण. तेव्हा धणे-जिरे घातलेलं मुगाचं कढण बरं. आणि धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांनो, एकाच वितरकाच्या हाती सगळी दुकानं देऊ नका.

सध्या कुळीथ भरडायची घाई आहे. मृग लागला की हवेतल्या ओलीने भाजलेला दाणा नरम पडतो आणि साल सुटत नाही. आषाढासाठी माल हवा असेल त्यांनी ज्येष्ठातच कळवावं. अळणी हवं असेल तर तसं स्पष्ट सांगावं, ते वेगळं बांधतो.