द्राक्षबागेच्या जाळीत कापलेली धामण, माझा अनुभव

फेब्रुवारीत सकाळी सकाळी तासगावजवळच्या एका द्राक्षबागेतून फोन आला, पाखरांसाठी लावलेल्या जाळीत साप अडकलाय. गेलो तर सहा फुटी धामण, नायलॉनचा दोरा असा रुतलेला की खवले फाकून आतलं लाल मांस दिसत होतं. अशी जाळी कुणी ओढून काढू नका, एकेक दोरा कात्रीनं कापायचा, मला पाऊण तास लागला. लगेच १९२६ या हेल्पलाइन नंबरवर वनविभागाला कळवलं, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, जखमी साप परस्पर घरी ठेवता येत नाही.

पहिल्या दवाखान्यात म्हणाले सापाचं आम्ही बघत नाही. तिथलाच एकजण म्हणतो बर्फात ठेवा, गारठला की टाके घाला, त्याला काय कळतंय. हे मी लै ठिकाणी ऐकलंय म्हणून मुद्दाम लिहितोय. सांगलीत ज्या डॉक्टर मॅडमनी ऑपरेशन केलं त्यांनी स्पष्ट सांगितलं, गारठलेला साप हलत नाही एवढंच, त्यानं भूल चढत नाही, आणि अंग गार राहिलं तर जखमही लवकर भरत नाही.

त्यांनी आधी गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून सापाच्या पिशवीशेजारी ठेवल्या, अंग ३० डिग्रीच्या आसपास आलं तेव्हाच भुलीचं इंजेक्शन, शेपटीच्या शिरेतून. तोंड उघडलं की जिभेमागंच श्वासाचं भोक दिसतं, त्यात बारीक नळी घातली आणि नळीतून हवा द्यायचा फुगा दाबायला माझ्या हातात दिला, कारण भुलीत साप सहसा स्वतः श्वास घेत नाही. डोक्यापासून साधारण पाव लांबीवर हृदय, तिथं डॉप्लर, म्हणजे हृदयाचे ठोके ऐकवणारं यंत्र लावलेलं, त्याचा फुस्स फुस्स आवाज चालू आहे तोवर माझा जीव भांड्यात. सापाच्या कातडीच्या कडा आत वळतात म्हणून मॅडम प्रत्येक टाक्याला कडा बाहेर उचलून घेत होत्या. शेवटी ऑक्सिजन बंद करून साधी हवा द्यायला लावली, मला वाटलं हे उलटंच, पण जादा ऑक्सिजन मिळाला तर साप स्वतः श्वास घ्यायला उशीर लावतो म्हणे. बऱ्याच वेळानं जीभ लवलवली तेव्हा मी फुगा सोडला.

पुढं दर ७२ तासांनी एकदा अँटीबायोटिक, तेही अंगाच्या पुढच्या भागात, कारण मागच्या भागातलं रक्त आधी किडनीकडं जाऊ शकतं, मग औषध अंगात पसरायच्या आधीच बाहेर पडायची भीती. वनविभागाच्या परवानगीनं दवाखान्यातच पेटीत ठेवली, एका टोकाला ऊब, दुसरं टोक गार, तिला पाहिजे तिकडं सरकेल. कुत्र्यामांजराचे टाके दहा-बारा दिवसात निघतात, हिचे सहा आठवडे ठेवले, मधे तिनं कात टाकली ती टाक्यांवर अडकली, ओल्या कापडानं हळूहळू सोडवली.

मार्चच्या शेवटी वनरक्षकांसोबत त्याच बागेशेजारच्या ओढ्यावर सोडली. बागायतदार स्वतः आलेले, त्यांनी जाळी जमिनीपासून हातभर वर बांधून घेतलीय.