बातमी दुसऱ्या पानावर होती

आज परत एका पेपरमध्ये नोकरीची टेस्ट देऊन आले. कॉलेज संपून 4 महिने झाले, एक्सेलमध्ये 31 अर्जांची नोंद आहे, उत्तरं आली 6, त्यातली 2 ऑटो रिप्लाय. बाकीच्यांना फ्रेशर हवाय पण 2 वर्षांचा अनुभव असलेला, म्हणजे कुठेतरी 2 वर्षं फुकट राबून आलेला फ्रेशर, असं मी आपलं समजून घेतलंय.

तर टेस्ट. तासाभरात एका प्रेसनोटची 150 शब्दांत बातमी, 3 हेडिंगं, एका इंग्रजी कॉपीचं, म्हणजे बातमीच्या मजकुराचं, भाषांतर आणि शुद्धलेखन. शुद्धलेखनाचं टेन्शन नाही, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं मला दुरून खुपतं. माती खाल्ली ती प्रेसनोटमध्ये. दोन पानी, पाण्याच्या नव्या पाइपलाइनची. कोणाच्या हस्ते, प्रमुख पाहुणे कोण, आभार कोणी मानले, हे सगळं आधी, आणि मी पण शहाणी, बातमीचे सहा ककार (कोण, काय, कुठे, कधी, का, कसं) मनात मोजत बसले, कोण झालं, कुठे झालं, कधी झालं, आणि इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, काय लिहिला तर 'नव्या जलवाहिनीच्या कामाचे उद्घाटन काल उत्साहात पार पडले'. उत्साहात! अख्खं कॉलेज ज्या शब्दाची टिंगल करण्यात घालवलं तो शब्द.

डेस्कवरच्या मॅडमनी कॉपी वाचली, काही बोलल्या नाहीत, प्रेसनोट माझ्यासमोर सरकवली आणि दुसऱ्या पानावर एका ओळीला पेनाने गोल केला. जोडणीच्या कामासाठी मंगळवार-बुधवार निम्म्या शहरात पाणी बंद. मी ती ओळ वाचलीच होती हो, पण ती मला 'इतर माहिती' वाटली. म्हणाल्या, "सकाळी नळ कोरडा निघाला की माणूस आभार कोणी मानले ते विचारत नाही." मग सांगितलं की शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची त्या काळात पानात जागा कमी पडली की खालच्या ओळी सरळ काढून टाकायचे, आता मोबाइलवर वाचणारा स्वतःच खाली येत नाही. "तुझी कॉपी खालून कापली तर बातमीच जाते बघ." उलटा पिरॅमिड, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं वर आणि बाकीचं उतरत्या क्रमाने खाली, मी परीक्षेत आकृती काढून लिहिला होता, 10 पैकी 8 मार्क.

बसमध्ये चरफडत बसले आणि सहज पाठवलेला अर्ज उघडला. 'मी पत्रकारितेची पदवी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण केली असून मला लहानपणापासून वाचनाची आवड आहे.' पुढे मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची तयारी. आणि 'आपली विश्वासू'च्या अगदी वर, 'सोबत एक कात्रण जोडले आहे.'

आता ते कात्रण म्हणजे काय, तर आमच्या हॉस्टेलची लिफ्ट 5 महिने बंद होती, मी मेंटेनन्सचं रजिस्टर बघितलं, लिफ्टवाल्याला गाठलं, कुबड्या घेऊन तीन मजले चढणाऱ्या ज्युनिअरशी बोलले आणि आमच्या कॉलेजच्या प्रॅक्टिस वर्तमानपत्रात बायलाइनने, म्हणजे माझ्या नावासकट, छापलं. आठवड्यात लिफ्ट सुरू झाली. हे मी 31 जणांना सांगितलं ते 'सोबत जोडले आहे' म्हणून, वर कात्रणाचा फोटो तिरका, निम्मा मजकूर अंधारात. एका ठिकाणी तर कॉपी-पेस्टमध्ये आधीच्या पेपरचं नावच राहून गेलंय, ते आज दिसलं. त्यांनी वाचलं असेल का या विचाराने कान गरम झाले.

रात्री जेवण झाल्यावर अर्ज नव्याने लिहिला. पहिली ओळ लिफ्टची, पदवी शेवटी, वाचनाची आवड काढूनच टाकली. कात्रण नीट स्कॅन करून पीडीएफ केलं. आई दोनदा विचारून गेली, झालं का काही, तिला म्हटलं कळवतो म्हणालेत.

मग झोप येईना म्हणून ती पाण्याची बातमी पण परत लिहून काढली, 60 शब्दांत बसली. पाहुण्यांची नावं गेली, मंगळवार-बुधवार वर आलं. मॅडमना पाठवावी का हे ठरत नाहीये, टेस्ट तर दुपारीच संपली. ड्राफ्टमध्ये ठेवलीये.